पक्की नोंद बंद करणाऱ्याचा राजीनामा स्वीकारू नये याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मुख्य इमारत, दुसरा मजला

विषय : संगणक विभागप्रमुखांचा राजीनामा न स्वीकारता त्यांची माझ्यासमक्ष चौकशी करणेबाबत.

संदर्भ : १) माझ्या निलंबनाचा आदेश क्र. ४१८, दि. २ एप्रिल.
२) विभागप्रमुखांचा राजीनामा, दि. ९ एप्रिल (पत्नीकडून समजले).

महोदय,

१. शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीचा डेटाबेस सर्व्हर मी अकरा वर्षे सांभाळला. विभागप्रमुख हे माझ्या पत्नीचे सख्खे थोरले भाऊ आहेत. कर्मचारी त्यांना 'रॉकेट' म्हणतात आणि त्याचे त्यांना कौतुक वाटते. नाते आधीच कळवतो, नाहीतर मागाहून आपण म्हणाल की घरचे भांडण कचेरीत आणले. आणलेच आहे.

२. यादी उघडायला पूर्वी नऊ सेकंद लागत. मी तीन महिने लॉग वाचून कोणती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला कोणता प्रश्न, रेंगाळते ते शोधले, एक इंडेक्स, म्हणजे सूची, घातला, यंत्राच्या मेमरीचा चौथा हिस्सा डेटाबेसला नेमून दिला आणि नऊचे दोन सेकंद केले. विभागप्रमुखांना दोनही जास्त वाटले, कारण संचालकांपुढे प्रात्यक्षिक होते. दि. १४ मार्च रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सर्व्हरच्या खोलीत, सर्व्हरच्याच कीबोर्डवरून, सेटिंगच्या फाइलमध्ये तीन बदल झाले. जवळजवळ सगळी मेमरी डेटाबेसला दिली गेली. एका वेळी किती संगणक जोडता येतील ती मर्यादा दोनशेवरून पाच हजार झाली. रुग्णालयात संगणक एकशे चाळीस आहेत, त्यांतले नऊ बंद. तिसरा बदल मुळावर आला.

३. नोंद डिस्कवर पक्की उतरली की मगच सर्व्हरने 'झाली' म्हणावे, अशी एक सेटिंग असते. ती बंद केली की सर्व्हर आधी 'झाली' म्हणतो आणि सवडीने लिहितो. त्यामुळे वेग दिसतो. प्रात्यक्षिकात यादी क्षणात उघडली, नोंदी सपासप झाल्या, संचालकांनी पाठ थोपटली. चार दिवसांनी वीज गेली. यूपीएसची बॅटरी मी दोनदा लेखी मागितली होती. सर्व्हर पडला आणि डेटाबेस असा फाटला की आदल्या दिवशीची बॅकअप चढवावी लागली. त्या दिवशी खिडकीवर नोंद झालेले त्रेसष्ट रुग्ण यादीतून गेले. त्यांतला हर्नियाचा एक सुतार माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "बाई स्वतः म्हणाल्या, नोंद झाली. मग मी गेलो कुठं?" त्याला उत्तर मी दिले. रॉकेट तेव्हा रजेवर होते.

४. कोणतीही सेटिंग बदलली की तिच्या शेजारी तारीख, कारण आणि माझी आद्याक्षरे लिहायची, ही माझी जुनी सवय आहे. तिला विभागात हसतात. तिसऱ्या बदलाशेजारीही माझी आद्याक्षरे आढळली आणि कारण म्हणून एकच शब्द : 'वेगासाठी'. त्या एका ओळीवर मी निलंबित झालो. अकरा वर्षांत मी एका शब्दाचे कारण कधीही दिलेले नाही. माझी कारणे चार-चार ओळींची असतात आणि त्याबद्दल मला समजही मिळालेली आहे. पत्नी म्हणते, "दादाला सोडा हो. चूक झाली त्याच्याकडून." सेटिंग बंद करणे ही चूक, हे मी मानतो. तिच्यापुढे माझी आद्याक्षरे टाकणे याला केसाने गळा कापणे म्हणतात.

५. सबब विनंती की राजीनामा स्वीकारू नये. ते दुसरीकडे मोठ्या पदावर जाणार आहेत आणि करून सवरून नामानिराळे राहणार आहेत. त्यांना इथेच ठेवावे. माझ्या जागी बसवावे, त्या पाठ मोडलेल्या खुर्चीवर. त्रेसष्ट रुग्णांना त्यांनी स्वतः फोन करावेत, सहायकाकरवी नव्हे, आणि स्पीकर चालू ठेवावा. सुतारापासून सुरुवात करावी. रोज सकाळी त्या सेटिंगचे माहितीपान त्यांनी सभागृहात उभे राहून मोठ्याने वाचावे, निदान एक महिना. हे अती होते आहे याची मला जाणीव आहे. एवढ्यानेही माझे मन भरणार नाही.

६. आता पुराव्याविषयी. सर्व्हरच्या खोलीच्या किल्ल्या दोनच : एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. म्हणजे बदल त्यांनी केला किंवा मी. १४ मार्चला माझी अर्ध्या दिवसाची रजा होती आणि दोन ते चार मी याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या सासऱ्यांच्या खाटेशी बसलो होतो. सासरे म्हणजे विभागप्रमुखांचे वडील. सर्व्हरची खोली तळमजल्यावर आहे. वडील एकवीस दिवस वर होते. मुलगा एकदाही वर चढला नाही. शेजारची खाट रिकामी होती, वॉर्डात भेटीची वही नसते. त्यामुळे साक्षीदार एकटे सासरे.

७. काल मी सासऱ्यांच्या घरी त्यांचा जबाब घ्यायला गेलो. मनात म्हटले, बापाच्याच सहीने मुलाला आडवा करतो. सासऱ्यांनी सांगितले तसे मी लिहून घेतले. सही करण्यापूर्वी ते म्हणाले, "आणखी एक ओळ घाला, जावईबापू. मुलगाही आला होता म्हणावं. तिघं होतो आम्ही. त्यानं मला संत्रं सोलून दिलं." मी म्हणालो, तो आला नव्हता. ते म्हणाले, "कागद सरकारी आहे. त्यात तरी येऊ दे त्याला." मी तावातावाने उठलो, जिना उतरलो, पुन्हा वर गेलो आणि ती ओळ घातली.

८. या ओळीमुळे माझा पुरावा मोडतो, हे मला कळते. दोघेही खाटेशी होतो तर सर्व्हर कोणी बदलला, असे आपण विचाराल, आणि आद्याक्षरे तर माझीच आहेत. ती ओळ खोडून हा अर्ज देता आला असता. मी खोडलेली नाही. माझ्या वरील सर्व मागण्या सोडून आता एकच मागणी आहे : हा जबाब विभागप्रमुखांच्या हातात द्यावा, त्यांना तो शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावावा आणि विचारावे, "हे खरे आहे का?" ते 'हो' म्हणाले तर ते सुटले, माझे निलंबन कायम करावे, मी अपील करणार नाही. 'नाही' म्हणाले तर पुढचे आपण जाणता. मात्र त्या वेळी मला समोर बसू द्यावे. उत्तर देताना त्यांचे तोंड मला पाहायचे आहे.

चौकशीच्या तारखेची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
डेटाबेस सहायक, निलंबित
दि. १३ एप्रिल

सोबत :
१) सेटिंगच्या फाइलची छापील प्रत, तिसऱ्या बदलाखाली लाल रेघ.
२) त्रेसष्ट रुग्णांचे फोन क्रमांक. खिडकीवरच्या बाईंच्या कच्च्या वहीवरून मी जुळवले, छप्पन्न मिळाले.
३) सासऱ्यांचा जबाब, एक पान. सही थरथरती असली तरी त्यांचीच आहे.