चौथं चाक

१४ मार्च

दादा,

आज गॅरेज झाडलं आणि बाबांच्या जुन्या गाडीचं चौथं चाक रंगवलं.

चाकं सेकंडहँड होती, तरी बाबा हरखले होते. आजारपणातही तीन त्यांनी हाताने रंगवली. हात थरथरायचा, म्हणून रंगाचे ओघळ राहिले. "लांबून बघ की, जवळ कशाला जातेस?" म्हणायचे. चौथ्याच्या कडेला टेप चिकटवून झाली आणि ते गेले.

तू आठवड्यासाठी आलास आणि मला न विचारता ती तिन्ही चाकं घासून, स्प्रे मारून आणलीस. "बघ, कशी चकाचक झाली," म्हणालास. मी चहा ठेवला. त्या ओघळांत बाबांचा हात होता, दादा. तो तू पॉलिश पेपरने खरवडून काढलास आणि वर मी आभार मानायची वाट बघत बसलास.

चौथं माझ्या खोलीत होतं म्हणून वाचलं. आज बाबांनी लावलेल्या टेपच्या आतून, त्यांच्याच ब्रशने रंगवलं. मलाही ओघळ आले. ते तसेच राहतील. तुझ्या चकाचक तीन चाकांशेजारी हेच बसवणार आहे. खुपलं तर खुपू दे.

टेप काढवली नाही. ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि त्यांच्या डब्यात उभा ठेवला.

तुझी धाकटी