छताला आलेला घाम

९ मे
छत गळत नाहीये! आज लिहूनच ठेवते, कारण तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

माझ्या पलंगाच्या वर छतावरचा डाग मागच्या आठवड्यात ताटलीएवढा होता, आता थाळीएवढा झालाय. मुलगा आला, मान वर करून बघितलं आणि निकाल देऊन मोकळा - "आई, घराला ओल लागलीये. विकून टाकू. तू माझ्याकडे चल."

चल म्हणे! मी काय सोफा आहे, उचलला आणि ठेवला?

१० मे
एसीवाला येऊन गेला. एसीचा पाइप खोट्या छताच्या आतूनच जातो, म्हणून बोलावला. शिडी आणलीच नव्हती. खालूनच टॉर्च मारला. "वरून पाणी मुरतंय, आजी."

म्हटलं, महिनाभर पावसाचा थेंब नाही, मुरतंय कुठून? हसला. हसू दे.

११ मे
एसी बंद. दोन दिवस लावणार नाही. उकडतंय. उकडू दे!

१३ मे
डाग सुकला! दुपारी एसी लावला आणि चार वाजता टप् - थेट उशीवर. म्हणजे हे पाणी गच्चीचं नाहीच. शेजारीण साक्षीला होती. म्हणाली, "थंडगार पाण्याचा ग्लास बाहेरून ओला होतो, तसलंच काहीतरी दिसतंय हो."

तसलंच. घाम आहे हा!

१४ मे
शिडी चढले. शेजारणीने खालून धरली आणि "जपून, जपून" करत माझंच डोकं उठवलं. छताचं झाकण सरकवून आत डोकं घातलं, तर गार हवेच्या जाड पाइपावरचं अस्तर हातभर फाटलेलं. उघडा पत्रा, त्यावर थेंबच थेंब. आणि शेजारीच न्हाणीघराच्या पंख्याचं नळकांडं निखळून पडलेलं! माझ्या रोजच्या अंघोळीची वाफ बाहेर जायची सोडून इथे भरत होती. गार पत्रा, गरम वाफ. आणखी काय होणार?

१६ मे
एसीवाल्याला पुन्हा बोलावलं. या वेळी वर चढवला. वरूनच आवाज आला, "बरोबर आहे तुमचं."

आजी नाही, नुसतं 'तुमचं'. चालेल.

नळकांडं जोडून वाफ भिंतीबाहेर काढली, पत्रा कोरडा पुसला, सांधे चंदेरी पट्टीने बंद केले. मग नवं अस्तर गुंडाळायला लागला, तेही करकचून आवळत. म्हटलं, "अरे, रजई दाबली की ऊब उरते का? सैल धर!" थांबला. विचार केला. कात्री खाली माझ्या हातात दिली. चाळीस वर्षं कपडे शिवलेत मी. बाही बेतावी तसं अस्तर बेतून दिलं, शिवणीला एक फट नाही.

मग त्याने एसीची जाळी काढून दाखवली. धुळीने गच्च! "हवा अडली की पाइप आणखी गार पडतो." ही चूक माझी. वर्षभर धुतली नव्हती. लिहून ठेवते, लपवत नाही.

१७ मे
मुलाचा फोन. "शिडीवर? या वयात? पडली असतीस म्हणजे?"

"पडले असते तर उचललं असतंस."

फोन ठेवला त्याने. ठेवू दे.

२५ मे
नऊ दिवस एसी चालू. एक थेंब नाही! डागावर रंगाचा हातही मीच मारला. मुलाला कळवलं - घर धडधाकट आहे, मीही आहे, विकायचं नाव काढायचं नाही.

 त्याचं उत्तर नुसतं "बरं."

जिंकले!

२८ मे
सकाळी दारात मुलगा. हातात दोन बॅगा, दाढी वाढलेली. "आई, बायको सोडून गेली. दोन महिने झाले. त्या घरात एकट्याला राहवत नाही, म्हणून तुला बोलावत होतो. मी इथे राहू?"

मी दारातून बाजूला झाले. एक बॅग मीच उचलून आत नेली.