बासीचा प्रश्न

५ मे २००३, सोमवार

चाळीस पाऱ्यांचे, म्हणजे वस्त्यांचे, फॉर्म आले. आठशे बारा. टेबलावर जागा नाही, चहा खिडकीत ठेवून प्याले.

श्रीपाद सर सकाळपासून खूश. (हे पुण्याहून आलेले आमचे प्रमुख. नव्या राज्याची राजधानी म्हणून इथे संस्थांची ऑफिसं उघडताहेत, त्यातलं आमचं एक.) चौदाव्या प्रश्नाला शंभरातल्या साठ घरांनी ‘हव’, म्हणजे हो, म्हटलंय. "चेतना, इतकं स्पष्ट उत्तर कुठल्याच प्रश्नाला आलेलं नाही."

पाहणी ब्रसेल्सच्या संस्थेची. मागच्या साली पाऊस बुडाला, तर या पावसाळ्यात तीन महिने धान्य कुठे पोचवायचं ते यावरून ठरणार. चाळीस पाऱ्यांतले दहाच घेणार, ज्यांचे गुण जास्त ते. ‘उपाशी झोपलात का’ म्हणून विचारलं तर परक्यापुढे कुणी हो म्हणत नाही. म्हणून ब्रसेल्सच्या बाईंनी आडून विचारायचा हा चौदावा प्रश्न काढला आणि त्यालाच निम्मे गुण ठेवले: ताजं शिजवायला काही नाही म्हणून शिळंपाकं खाऊन दिवस काढावा लागला का?

हिंदी अनुवाद माझा. एवढ्या लांब इंग्रजी वाक्याचं मी तीन शब्दांत केलं — ‘बासी खाते हैं?’ सरांनी तेव्हा ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

७ मे, बुधवार

खाल्हेपारा. एकोणीस घरं, एकोणीस ‘नहीं’.

अभनपूरच्या पुढच्या एका गावाचा हा खालच्या अंगाचा पारा. त्याच गावाचा वरचा पारा, मालगुजारांचा, म्हणजे जुन्या जमीनदारांचा, तो सगळाच्या सगळा ‘हव’. उलटं वाटतं. शेजारच्या टेबलावर निरंजन फॉर्म तपासतो. मुलाखती घेणाऱ्या मुलीबद्दल त्याचं मत ठरलेलं — "पोट्टीनं झाडाखाली बसून भरले असन. उन्हात कोन फिरते?"

सर म्हणाले, खरंच बरं चाललं असेल तर गुण शून्य, पारा यादीबाहेर. पण ब्रसेल्स विचारणार, एवढं वेगळं कसं. तुम्ही जाऊन बघून या.

म्हणजे मी. दुसरं कोण असतं?

८ मे, गुरुवार

कूलरची मोटर जळाली. दिवसभर काही झालं नाही.

१२ मे, सोमवार

छोट्या लाइनीच्या रेल्वेनं अभनपूर, पुढे जीप. दहालाच डोकं तापलं.

पहिलं घर सुकवारोबाईचं. माझ्याच वयाची असेल. नवरा भनपुरीला ट्रकांवर हमाली करतो, पंधरा दिवसांनी येतो. तीन मुलं. प्रश्न क्रमानं विचारत गेले. उपाशी झोपलात? नहीं. दुसऱ्याकडे जेवायला जावं लागलं? नहीं. चौदावा — बासी खाते हैं?

तिनं माझ्याकडे पाहिलं. वेड्या माणसाकडे बघतात तसं, पण मायेनं.

"कहाँ ले खाबो दीदी? रतिहा भात बाँचही, तब तो बासी होही."

रात्री भात उरला, तर सकाळी बासी होणार. मी लिहायची थांबले. मग काय खाता? कनकीची पेज, म्हणाली. तांदळाची कणी, पाण्यात पातळ शिजवलेली. एक वेळ. पोरं भांडं पुसून खातात, उरायचा प्रश्नच येत नाही. धाकटी तिच्या मांडीवर झोपली होती. सकाळी दहाला.

येताना वरच्या पाऱ्यात पाणी प्यायला थांबले. मालगुजार म्हातारे ओसरीवर काशाची बटकी (वाडगा) घेऊन बसलेले. रात्रीचा भात, त्यात पाणी, वर कांदा, बाजूला आंब्याची चटणी. "बासी हे बेटी. बइठ, तहूँ खा ले." खाल्लं. गार, जरासं आंबूस. उन्हातून आलेल्या माणसाला याहून चांगलं काही नसेल.

तिथेच कळलं. इथे बासी म्हणजे शिळं नव्हेच. मुद्दाम जास्तीचा भात करून रात्री भिजत घालतात. ज्याच्या घरी तांदूळ आहे तो रोज खातो आणि खुशाल सांगतो. ज्याच्या घरी नाही तो ‘नहीं’ म्हणतो — आणि आमच्या फॉर्मात सुखी ठरतो.

लाज वाटली. एकतीस वर्षं या शहरात राहून मी तीन शब्दांवर मिरवत होते.

१३ मे, मंगळवार

सकाळी आईला विचारलं, बासी म्हणजे काय गं? आई हसायलाच लागली. "हे काय विचारून राहिली तू? उन्हाळाभर मी काय खाऊन राहिली मंग कांद्यासंग? तुले तर वासच सहन होत नाई. शिळं-शिळं करत उठून जातं."

खरं आहे. मी तेवढी शिकलेली.

ऑफिसात निरंजनला सांगितलं. माझ्या हिंदीचं परत इंग्रजी करून मूळ वाक्याशी ताडून पाहायचं काम त्याचं होतं. त्यानं आपलं भाषांतर काढून पाहिलं. मग — "तू शिळ्याचं बासी केलं, मी बासीचं शिळं केलं. दोघंबी मराठी. बरोबर तर येनारच होतं." गावातल्या मुलाखती घेणाऱ्या मुली इथल्याच. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, हमको लगा दीदी, पूछना है तो पूछना है.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता प्रश्न बदलता येणार नाही. चाळीस पारे एकाच मापानं मोजलेत. तुम्ही खाल्हेपाऱ्याचे एकोणीस फॉर्म त्याच प्रश्नानं पुन्हा भरून आणा, स्वतःच्या सहीनं. शब्दाचं काय ते लेखी द्या, अहवालासोबत पाठवू."

मी म्हटलं, त्याच प्रश्नानं विचारलं तर पुन्हा शून्यच.

"मग शून्य. ज्याला आपण ओळखतो त्याच्यासाठी माप वाकवायचं नसतं."

सर वाईट नाहीत. बोलण्यात चूकही काही नाही. तरी घरी येईपर्यंत त्यांचा राग राग आला.

१५ मे, गुरुवार

पुन्हा खाल्हेपारा. एकोणीस घरं मी स्वतः विचारली. एकोणीस ‘नहीं’. काही बायका तर ओशाळून म्हणाल्या, आपल्याच रांधण्यात काही कमी असल्यासारख्या.

मी एकोणीस वेळा ‘हव’ लिहिलं.

सुकवारोला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "का लिखे हस दीदी?" म्हटलं, जो तुमने कहा. तिनं अंगठा दिला.

परतताना गाडीत हिशेब लावून पाहिला — प्रश्नाचा अर्थ धरला तर उत्तर ‘हव’च आहे, मी अर्थ लिहिला. पटलं नाही. पण फॉर्म फाडलेही नाहीत.

१६ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. आईबरोबर विहारात गेले. पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आवाज रोजच्यासारखाच निघाला, याचंच नवल वाटलं. खीर दोनदा घेतली.

२६ मे, सोमवार

यादी झाली. खाल्हेपारा तिसरा. मालगुजारांचा वरचा पारा दुसरा!

दहाच घ्यायचे होते, म्हणजे खाल्हेपारा आत आला तेव्हा एक पारा बाहेर गेला. कुठला ते पाहिलं नाही. कागद समोर होता.

‘बासी’ शब्दाबद्दलचं पत्र सरांना दिलं. दोन पानं. सुकवारोचं वाक्य जसंच्या तसं घातलंय, फक्त तिचं नाव आणि पारा गाळला.

४ जुलै, शुक्रवार

धान्य पोचलं. निरंजन वाटपाला गेला होता. सुकवारोनं त्याच्याजवळ निरोप दिला — "दीदी ला कहि देबे, अब बासी बनथे." त्यानं तो नक्कल करून सांगितला आणि मग उगाच फायली चाळत बसला. फॉर्म त्यानंच तपासलेत. एकोणीस फॉर्मांबद्दल त्यानं मला एका शब्दानं विचारलेलं नाही.

आज मला फार आनंद झाला. इथे लिहायला हरकत नाही.

११ जुलै, शुक्रवार

सरांनी माझं पत्र परत दिलं. सोबत ब्रसेल्सची मेल. बाईंनी लिहिलंय, चौदाव्या प्रश्नाबद्दल एकच शंका होती, खाल्हेपाऱ्याची. तिथली उत्तरं दुसऱ्यांदाही ‘नहीं’ आली असती तर प्रश्न रद्द करणार होते. अनुवादिकेनं स्वतः जाऊन भरलेल्या फॉर्मांनी ती शंका मिटली. आता पुढच्या वर्षी हाच प्रश्न, याच शब्दांत, तीनशे साठ पाऱ्यांत.

"तुमच्या पत्राला तुमचेच फॉर्म आडवे येतात," सर म्हणाले.

तीनशे साठ पाऱ्यांत ज्यांच्याकडे रात्रीचा भात उरत नाही, ते खरं बोलतील. ‘नहीं’ म्हणतील.