तळघरातली निळी ज्योत

३ ऑक्टोबर, रविवार

अंगणातल्या ताटलीत पक्ष्यांचं पाणी गोठलंय. घर तापवायची भट्टी अजून बंदच. ११ तारखेच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधी ज्याच्या धुराड्यातून वाफ दिसेल, त्याची आमच्या गल्लीत हिवाळाभर टर उडते. शेजारचा ओरेस्ट कुंपणावरून म्हणाला, "काय डोरीनबाई, नाक लाल झालंय! पेटवा की. मी कुणाला सांगत नाही." म्हटलं, "आधी तू!"

खरं कारण त्याला काय सांगू? भट्टी पेटवायचा माझा नवरा, एल्मर. मी जिन्यावर विजेरी धरून उभी. बेचाळीस वर्षं नुसती विजेरी धरली! आणि मार्चमध्ये तो गेला.

५ ऑक्टोबर

सॅस्काटूनहून मुलीचा, ग्वेनचा फोन. "आई, सोमवारी येतेय. घर गार असलं ना, तर तुला गाडीत घालून घेऊनच जाणार. खोली तयार आहे." म्हटलं, मी काय लोणच्याची बरणी आहे? हसली नाही.

मला नाही जायचं. हे घर माझं आहे.

६ ऑक्टोबर

कोट घालून झोपले. दिवसभर कुणाशी एक शब्द नाही.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज उतरलेच खाली तळघरात. भट्टीच्या दाराआड एल्मरच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली — गॅसचा कॉक बंद कर. पाच मिनिटं थांब. सगळीकडे हुंग, जमिनीलगतसुद्धा. वास आला तर काडी ओढू नकोस, बाहेर पड. पाच मिनिटं किती लांब असतात! गुडघ्यांवर बसून हुंगत होते. वास नव्हता. कॉक 'पायलट'वर, म्हणजे छोट्या ज्योतीच्या खुणेवर, बटण दाबलं, लांब काडी आत. लागली! इवलीशी निळी ज्योत. बटण मिनिटभर दाबून धरलं, सोडलं — टिकली. कॉक 'ऑन'. वर जाऊन तापमान वाढवलं आणि खालून भुस्सकन आवाज! टाळ्या वाजवल्या मी. एकटीनंच.

तासाभरात विषारी वायूची सूचना देणारा भोंगा किंचाळायला लागला. आहे तशी बाहेर पळाले. ओरेस्टच्या घरून गॅस कंपनीला फोन केला. त्याने स्वतःचं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं, आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

गॅसवाला पोरगेला, पण शहाणा. तळघरात बाहेरची हवा आणणारा जो जाड पाइप आहे, त्यातून त्याने एल्मरचा लोकरी स्वेटर ओढून काढला. "आजी, हा बोळा कोणी कोंबला? भट्टीला हवा नको? धूर उलटा घरात येत होता."

"आमच्या ह्यांनी," म्हणाले मी.

"पुरुष ना, थंड झोत लागला की हेच करतात," तो म्हणाला. पाइप मोकळा केला, धुराडं तपासलं, भट्टी पुन्हा चालू करून मोजणी घेतली. आता धोका नाही.

खोटं बोलले. सप्टेंबरात टोमॅटोच्या बरण्या लावताना पायांना गार झोत लागत होता, म्हणून तो बोळा मीच कोंबला. मेलेल्या माणसावर ढकललं. तो बिचारा काय बोलणार! रात्री खूप रडले.

११ ऑक्टोबर, सोमवार

ग्वेन आली. कोट काढला, जमिनीतल्या झडपेतून येणाऱ्या गरम वाऱ्यावर मोजे घातलेले पाय धरून उभी राहिली, लहानपणी राहायची तशीच. भोपळ्याचं गोड पक्वान्न, 'पम्पकिन पाय', दोनदा घेतलं. बोळ्याची गोष्ट सांगितली, खरी खरी सांगितली. ग्वेन म्हणाली, "आई, तू जिंकलीस. राहा इथेच."

चार वाजता निघाली. हात हलवला. आत आले. सगळ्या खोल्या उबदार होत्या.

१४ ऑक्टोबर

ग्वेनला फोन केला. म्हटलं, ये, मला घेऊन जा. भट्टी जमत नाही म्हणून नाही हं — जमते मला! सातही खोल्या छान गरम आहेत, आणि मी एकटी एकाच खुर्चीत बसते.