दीड दिवसाची परवानगी

बाबा, तुमची आणि माझी एक तक्रार आयुष्यभर सारखीच राहिली आहे: आई आपलं ऐकत नाही. तुम्ही गावोगाव भाषणं केलीत, मी इथल्या मंडळात तावातावाने बोलते, आणि ती बाई दोघांनाही एका "हं"मध्ये गप्प बसवते. एरवी मी हसून सोडून दिलं असतं. आज तिच्या जिवाचा प्रश्न आहे.

ती माझ्याकडे दोह्यात आली आहे, बिन महमूद भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये. हृदय अशक्त झालंय, उकाडा अजिबात चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि काल गणपती बसल्यापासून घरभर गारवा देणारा एकुलता एक एसी सारखा बंद पडतोय. थोडा वेळ चालतो, थांबतो, भिंती तापतात, मग आपणच पुन्हा सुरू होतो. इमारतीचा मेंटेनन्सवाला आला, ब्रेकर खालीवर केला, "मॅडम, अभी चलेगा, खलास," म्हणाला; खलास म्हणजे इथे 'झालं काम'. त्याची लिफ्ट तळाला पोचायच्या आत एसी थांबला. मी फिल्टर धुतला, थर्मोस्टॅटचे सेल बदलले, पाण्याच्या नळीत फुंकून पाहिलं. एकीकडे कान आईच्या श्वासाकडे.

मग आपलं न्हाणीघर आठवलं. तांब्याचा बंब विझतोय, मी त्यात आणखी लाकडं कोंबतेय, डोळ्यांतून पाणी. तुम्ही पंचा सावरत उकिडवे बसता. "अगं, कोंबतेस काय नुसती! आधी वारा कुठून यायचा ते बघ." तुम्ही खालची राख ओढता आणि जाळ भर्रकन उठतो. मी आज वाराच शोधला. आरतीनंतर उदबत्तीचा धूर वर जायचा सोडून मखरामागच्या फटीत ओढला जात होता. मखराची प्लायवूडची पाठ भिंतीतल्या मोठ्या जाळीला टेकली आहे. त्याच जाळीतून एसी घरातली हवा परत आत घेतो. हवा मिळेना, म्हणून आत बर्फ धरतो आणि तो बंद पडतो. आईला मूर्ती पूर्वेकडे तोंड करूनच हवी होती, आणि तेवढीच भिंत मोकळी होती. मखर काढायचं तर मूर्ती हलवावी लागेल, आणि प्रतिष्ठापना झालेली मूर्ती विसर्जनाआधी हलवत नाहीत.

"आई, दीड दिवसाचा करू. दुपारीच विसर्जन, बादलीत."

"आपला पाच दिवसांचा. तुझ्या बाबांनी एकदा तरी कमी केला का?"

"मग माझ्या मैत्रिणीकडे चल. तिथे गार आहे."

"घरी गणपती, आणि मी लोकांच्या सोफ्यावर? शोभतं का?" वाक्य संपवताना तिला धाप लागते. ओल्या टॉवेलने मान पुसते. पावलं सुजली आहेत. "तू सभेत बोल गं. इथे नको."

तिने तुमचं नाव पुढे केलंय, तर आता तुमच्याच नावाने तोड काढावी लागेल. तुम्ही देव मानायचात, दृष्टान्त नाही; मी तर दृष्टान्तवाल्यांवर भर सभेत तुटून पडले आहे. आणि आता तिच्याजवळ बसून मी सांगणार आहे की आज पहाटे बाबा स्वप्नात आले, म्हणाले, यंदा दीड दिवसाचा करा. ती विचारेल, अंगात कोणता सदरा होता. तेही सांगेन. हा कागद मात्र फाडून टाकते, तिच्या हाती लागायला नको.

खरं सांगू? तुम्ही गेल्यापासून माझ्या स्वप्नात एकदाही आला नाहीत, आणि मी वाट बघत असते. हे मी कुणाजवळही बोललेले नाही. पण आज रात्री, विसर्जन झाल्यावर, माझ्याकडे नको. तिच्याकडे जा, बाबा, आणि मी तिला सांगितलं तेच सांगा.