पक्क्या रंगाचा धागा

श्री
गांधीबाग, नागपूर
१२ जुलै १९५६

चि. अनुसयेस जागेश्वरचे अनेक आशीर्वाद.

आत्याबाईले माझा शि. सा. न. सांग. आपल्या तलावात बेडूक किती, हे मोजायचं काम सरांनी दिलं आहे. सगळे थोडेच हाती लागतात! शंभर पकडायचे, कमरेला धागा बांधून सोडायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा शंभर धरायचे. त्यात दहा धागेवाले निघाले, तर तलावात हजारेक आहेत असं धरायचं. हसू नको वं, माझी एम्.एस्सी. यावरच आहे.

रविवारी येतो. आत्याबाईनं रंगवलेलं तांबडं सूत काढून ठेव. बाजारचा रंग पाण्यात सुटते, तिचा सुटत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.
तुझा दादा

श्री
उमरेड, २३ जुलै

ती. दादास अनुसयेचा सा. न. वि. वि.

तू गेल्यावर पुऱ्यात हगवण लागली. रुपरावची सून गेली. तिच्याच बादलीत धागेवाला बेडूक निघाला. लोकाईनं करणी म्हणून बोंब मारली. कोष्ट्याईले सूत ओळखाले काय लागते? रामाजीनं धागा थुंकी लावून चोळला, रंग सुटला नाही, आन त्यानं आत्याबाईचं नाव घेतलं.

मागावरून केस धरून ओढली रे तिले. धागे मीच बांधले म्हणे ती, तुझं नाव घेतलं नाही. मी सांगाले धावली त मले कोंडलं. तिच्या उजव्या हाताची बोटं दगडानं ठेचली. मंग सारे तलावात उतरले. धागेवाले शोधशोधून आपटले. तू येऊ नको, तुले जित्ता सोडत नाहीत.

रागावली आहे, तरी तुझीच,
अनुसया

श्री
नागपूर, २७ जुलै

चि. अनुसयेस आशीर्वाद.

दोनदा मोटार स्टँडवर गेलो, दोनदा परत आलो. भेकड आहे मी. धागे मी बांधले म्हणून सांगायचं माझ्या तोंडानं झालं नाही. बेडूक जाऊ दे खड्ड्यात. आत्याबाईले डॉक्टरले दाखव, तिले वाचव.

माझी लाज वाटली तरी पत्र टाकत जा.
जागेश्वर

श्री
उमरेड, १ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

आत्याबाई परवा गेली. हात काळा पडला होता, ताप उतरलाच नाही. शुद्ध होती तोवर डाव्या हाताच्या बोटावर तुझे पंधरा दिवस मोजून राहिली होती. तुझं काम अधुरं राहू नये म्हणून मले शपथ घातली.

तिले पोचवून आल्यावर मी टोपलं घेऊन तलावावर गेली. कोणी आडवं आलं नाही. शंभर धरले. धागेवाला एकही नाही.

आता तलावात किती बेडूक होतात, ते कळव.

तुझी बहीण, होती तशीच,
अनुसया