सात नंबरची जर्सी

२ सप्टेंबर, पहाटे
आधी सगळ्यांची विचारपूस. उजवा गुडघा : उठताना कुरकुरतो, एरवी गुणी. डावा : उजव्याचं बघून बिघडत चाललाय. कंबर : बोलत नाही, म्हणजे बरी असावी. मनगट : ठणठणीत, घरातलं कमावतं तेच. बायको बरी आहे. मुलीला सर्दी.
संकल्प : या बास्केटबॉल सीझनला पहिल्या पाचात खेळायचं. एकोणचाळीस म्हणजे काही वय नाही.

५ सप्टेंबर
डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. म्हणाले, गुडघ्यातली गादी संपलीय, हाडावर हाड घासतंय. आणखी एक सीझन खेळलात तर काठी घ्यावी लागेल. डॉक्टर अंगाने किरकोळ. आयुष्यात उडी म्हणून मारली नसणार.
बायकोला सांगितलं, वंगण कमी झालंय म्हणतात.
मेहुण्याचा फोन. त्याचं टायरचं गोदाम आहे. म्हणाला, दाजी, सुपरवायझर हवाय, महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी जागा धरून ठेवतो. म्हटलं, अरे, बॉल सोडून टायर? दोन्ही गोल म्हणून?

११ सप्टेंबर
संघात नवा खेळाडू आलाय. मान लांब, म्हणून सगळे उंट म्हणतात. कोच म्हणाला, काका, मागे सरकून मारायचा तुमचा तो शॉट ह्याला शिकवा. अगदी जीव ओतून शिकवला. गॅरेजच्या भिंतीला पिंपाची कडी ठोकून मी तो एकट्याने बसवला होता, त्यात वर्षं गेली. उंटाने दुपारपर्यंत उचलला. पोरगा गोड आहे, वाकून पाया पडला. वाकताना त्याचे गुडघे वाजले नाहीत.
कोचची सगळी भिस्त माझ्यावर.

१५ सप्टेंबर
सरावाची मॅच. कोचने मला शेजारी बसवून घेतलं, शेवटपर्यंत उठू दिलं नाही. माझं डोकं वापरायचं ठरलेलं दिसतंय. कॅप्टनपद येतंय बहुतेक. करारावर सही व्हायचीय अजून. एकदमच करतील.

१९ सप्टेंबर
खुंटीवर माझी जर्सी नाही! सामान सांभाळणाऱ्याला विचारलं. बुटांच्या नाड्या सोडवत म्हणाला, सात नंबर ऑफिसने मागून घेतला, काका.
मी तिथेच बाकावर बसलो. मग प्रकाश पडला. आमच्या हॉलच्या छताला दोन जर्स्या टांगलेल्या आहेत, जुन्या मोठ्या खेळाडूंच्या. तो नंबर मग कोणालाच मिळत नाही. तिसरी माझी! तीही मी खेळत असतानाच! मग मी कुठला नंबर घालायचा? ते ऑफिस बघेल.
सामानवाल्याला डोळा मारला. त्याने तोंड फिरवलं. पोटात गुपित ठेवणारा माणूस आहे.

२२ सप्टेंबर
मेहुण्याला कळवलं, जमणार नाही. बायको म्हणाली, अहो, ऑफिसात एकदा विचारून तरी घ्या. म्हटलं, सत्कार काय विचारून घ्यायचा असतो? ती म्हणाली, तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला दुसरं कोणी लागतच नाही, तुम्ही स्वतःचीच शिडी घेऊन फिरता.
मग माझ्या कोटाला इस्त्री करत बसली.

२५ सप्टेंबर
ऑफिसचा फोन. पहिल्या मॅचचे तीन पास ठेवलेत, कुटुंबासह या. कुटुंबासह!
भाषण बाथरूममध्ये पाठ केलं. कोच, फिजिओ, उंट, सगळ्यांची नावं घेतली. बायकोचं सर्वात शेवटी, म्हणजे रडू आलं तरी चालेल.

३० सप्टेंबर
मधल्या रांगेत जागा. हॉलमधले दिवे गेले, एक झोत उरला. माइकवरचा ओरडला, नंबर सात! मी उठलो, कोटाचं बटण लावलं.
उंट धावत आत आला. पाठीवर सात. जर्सी नवीकोरी, अंगावर अगदी चपखल.
जागा दाखवणारा म्हणाला, काका, बसून घ्या, मागच्यांना दिसत नाहीये.
बसलो.
पहिल्याच मिनिटाला उंटाने मागे सरकून बॉल टाकला. कडीला न लागता आत. हॉल उठून उभा राहिला. मुलगीही टाळ्या वाजवायला उठली, माझ्याकडे बघितलं आणि हात खाली घेतले. म्हटलं, वाजव गं. चांगला मारला.
बायकोने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१ ऑक्टोबर
कोचला गाठलं. करार होणार नाही. म्हणाला, काका, आम्हाला वाटलं तुम्हाला कळलंय. सगळ्यांनाच वाटलं. म्हटलं, कळलंच होतं की. नक्की करायला आलो.
दाराबाहेर बराच वेळ उभा होतो. लिफ्टचं बटण दाबायचं राहिलं होतं.

३ ऑक्टोबर
मेहुण्याला पाठवायचा मेसेज, आधी इथे लिहून बघतोय :
जागा भरली असेल तर मनाला लावून घेऊ नकोस. नसेल, तर बसून करायचं काम बरं पडेल. उभ्याचंही चालेल. ताईला इतक्यात काही बोलू नकोस. लवकर कळव.